माती तपासली, रक्त नाही

चूक माझी होती. अडाणी माणसाच्या हातून ती झाली नसती. तिला थोडी माहिती लागते आणि थोडं नाव लागतं, आणि माझ्याकडे दोन्ही होतं.

राजूरच्या बाजारपेठेत माझं कृषी सेवा केंद्र आहे. डोंगरातल्या गावांमधून शेतकरी बियाणं, खतं, फवारणीची औषधं न्यायला येतात. येताना पिशवीत रोगट पान आणतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "भाऊ, हे बघा बरं." मी पान उजेडात धरतो, उलटं करतो आणि सांगतो. उभं आयुष्य हेच केलंय, आणि बहुतेक वेळा माझं बरोबर येतं. दुकानात शिरताना समोरच एक पाटी आहे, मीच रंगवलेली: ‘आधी माती तपासा, मग खत टाका.’ मातीचा रिपोर्ट नसेल तर मी जादा खत विकत नाही. यासाठी काही लोक मला नावाजतात, काही शिव्या देतात.

त्याच पाटीखाली बसून, स्वतःचं रक्त एकदाही न तपासता, मी वर्षाहून जास्त काळ झिंकच्या गोळ्या खाल्ल्या. पोरीच्याही हातावर ठेवल्या.

कातडीचा जुना आजार असलेल्या माणसाला रोज कुणीतरी काहीतरी खायला सांगत असतं. अशा माणसाच्या हाती हे पडावं म्हणून लिहितोय.

खैरा

झिंकवरच्या माझ्या विश्वासाला कारण होतं. एका वर्षी वरच्या अंगाच्या गावांत भाताची रोपं तांबूस पडायला लागली. पानांवर गंज चढल्यासारखे ठिपके. लोकांनी करपा समजून बुरशीनाशकं मारली, फरक नाही. मी वाफ्यात उतरलो, रोपं उपटून पाहिली आणि म्हणालो, हा करपा नाही, खैरा आहे. जमिनीत झिंक कमी पडलंय. माती तपासून आणली, झिंक सल्फेट दिलं, आणि बघता बघता रोपं हिरवी झाली. तेव्हापासून लोक मला ‘झिंकवाले भाऊ’ म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, ते नाव मला फार आवडायचं.

पुढं काही वर्षांनी माझ्या कोपरांवर चट्टे आले. मग गुडघ्यांवर, कानामागं, डोक्यात. लाल, जाड, वरून चंदेरी खपल्या. दुकानाचं काउंटर काळ्या फरशीचं. त्यावर माझाच कोंडा पडलेला दिसायचा, आणि गिऱ्हाईक यायच्या आत मी तो फडक्यानं पुसायचो. संगमनेरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला. हा कमी-जास्त होत राहतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मलम नेमानं लावा, म्हणाले. मी लावलं, कमी झालं, बंद केलं, पुन्हा आलं.

एकदा शेजारच्या हॉटेलात आम्ही चौघं-पाचजण बसलो होतो. सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आला, मला एकट्याला कागदी कपात. मी तो तसाच पिऊन उठलो. घरी येऊन मलमाची ट्यूब उकिरड्यावर फेकली.

आरशासमोर कोपर वाकवून मी ते भाताच्या पानासारखं पाहिलं. मोबाईलवर वाचलं की कातडीला झिंक लागतं. ते खरं आहे. झिंक फार कमी पडलं तर कातडी बिघडते, हेही खरं आहे. माझं कमी पडलंय का, एवढंच मी कुणाला विचारलं नाही. बायकोला सांगितलं, "मलम म्हणजे नुसती वरची फवारणी. कमतरता मुळात आहे."

सुमन भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही काय भाताचा वाफा आहात?"

मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या आणल्या.

बाही

आधी दिवसाला एक गोळी. फरक दिसेना म्हणून दोन. मग तिन्ही जेवणांनंतर दोन-दोन. शेतकऱ्यानं असं प्रमाण वाढवलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता.

आमची वैष्णवी तेव्हा कॉलेजला जायला लागली होती. तिच्याही हातावर तसेच चट्टे उठले. आमचं रक्त, आमचा आजार. भर उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. म्हणाली, "पप्पा, डॉक्टरांकडं जाऊ ना."

"डॉक्टर मलम देणार. तू ही गोळी घे."

रोज जेवणं झाली की मी तिच्या तळहातावर गोळी ठेवायचो. ती मुठीत घेऊन पाणी प्यायला आत जायची. काही महिन्यांत तिची कातडी साफ झाली. माझी होती तशीच. मला त्याचं नवल वाटलं नाही. कोवळं रोप खत लवकर उचलतं, एवढं मला ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं होतं. कोंडाजी म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक, तोंडाचा फटकळ. मी कुणाला तरी माझ्या गोळ्यांचं सांगत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "भाऊ, पन तुमचं कोपर तर हाय तसंच हाय की! दुसऱ्याच्या रानात हिरवं आन् आपल्या रानात कुसळं!"

सगळे हसले. वैष्णवी नेमकी माझा डबा घेऊन आली होती. मी तिचं मनगट धरलं, बाही कोपराच्या वर सारली आणि तिचा हात काउंटरवर सगळ्यांपुढं धरला. म्हणालो, "हे बघा. इथं तळहाताएवढा चट्टा होता."

कोंडाजी वाकला. "आयला, व्हय की! डागबी न्हाई ऱ्हायला." आणखी दोघं वाकले. एकानं बोट लावून पाहिलं. वैष्णवीनं डबा ठेवला, बाही खाली ओढली आणि निघून गेली.

त्या दिवशी मी फार खूश होतो.

चप्पल

पुढच्या पावसाळ्यात मला दम लागायला लागला. गोणी उचलायची तर सोडाच, माळ्यावर चढलो तरी छाती धडधडायची. सुमन म्हणायची, तोंड पांढरं पडलंय. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही थांबल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

एकदा दुकानातून निघून मी रस्त्यापर्यंत गेलो, तर मागून कोंडाजी ओरडला, "ओ भाऊ, एक चप्पल हितंच ऱ्हायली!" खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलात. मला कळलंच नव्हतं. लोक हसले, मीही हसलो. अंघोळीला डोळ्यांवर साबण घेतला की तोल जायचा. भिंतीला हात लावल्याशिवाय उभं राहता येईना.

गावच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. उपयोग झाला नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेलं आणि पांढऱ्या पेशीही घटलेल्या. ते म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलात जा. वेळ घालवू नका."

नगर

माझी थोरली बहीण, आक्का, नगरजवळ केडगावला राहते. तिच्या घरून हॉस्पिटल जवळ, म्हणून नगर. सुमन आणि वैष्णवीही तिच्याकडंच उतरल्या. पहिल्याच दिवशी मला दाखल करून घेतलं. सकाळी उजाडायच्या आत सुई, मग ताप बघणं, मग चहा, मग वाट बघणं. वॉर्डात वेळ घालवायचं कुणाकडंच साधन नसतं. सगळे एकमेकांच्या डब्यात काय आहे ते बघतात.

मला लाज चादरीची वाटायची. सकाळी उठलो की चादरीवर माझ्या खपल्यांचा सडा. पहिल्या दिवशी मी तो हातानं गोळा करत होतो, तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी चादर ओढली, खिडकीशी नेऊन झटकली आणि परत घालताना म्हणाल्या, "काका, घरून खोबरेल मागवा. अंग ओलं असतानाच लावा, खाज कमी होते." एवढंच. तोंड वाकडं केलं नाही, हातमोजे शोधले नाहीत. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

डॉक्टर मॅडम राउंडला यायच्या. त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" तिन्ही वेळा मी म्हणालो, "काहीच नाही." मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या हिशेबी झिंक हे खत, पोषण. त्याला कोण औषध म्हणतं? गोळ्यांची बाटली उशीखाली होती आणि मी तिथंही त्या घेत होतो, लवकर बरं व्हावं म्हणून.

शेवटी मॅडम म्हणाल्या, कमरेच्या हाडातला मगज काढून तपासावा लागेल. रक्त तयार करणाऱ्या जागीच काही बिघाड आहे का, ते बघायचंय. आक्कानं तिथंच डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं, "म्हणजे कॅन्सर?" मॅडम म्हणाल्या, "तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही."

मला भीती मरणाची वाटत होती, पण त्याहून पायांची. दुकान चालवणारा माणूस वाफ्यात उतरू शकला नाही, तर तो नुसता दुकानदार. मला परत बांधावर उभं राहायचं होतं.

तेव्हा वैष्णवी बोलली. आईच्या मागं, भिंतीला टेकून उभी होती.

"मॅडम, पप्पा झिंकच्या गोळ्या खातात. वर्षाच्या वर झालं. दिवसाला सहा."

मी म्हणालो, "अगं, ते औषध नाही..."

"थांबा, पप्पा." आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला थांबवलं. "मॅडम, पप्पा दुकानात सगळ्यांना सांगतात की एक अन्नद्रव्य जादा झालं की ते दुसऱ्याला अडवतं. झिंक जास्त पडलं तर पिकाला लोह नि तांबं मिळत नाही. माणसाचं पण तसं होतं का?"

मॅडमनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "होतं. नेमकं तसंच होतं." आणि माझ्याकडं वळून, "तुमचं झिंक कमी आहे, हे कुठल्या तपासणीत आलं होतं?"

"तपासलं नव्हतं," मी म्हणालो.

मला माझी पाटी आठवली. वैष्णवीलाही आठवली असणार, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही.

रक्त पुन्हा तपासणीला गेलं. झिंक भरमसाट, तांबं जवळजवळ नाहीच. अंगात तांबं नसलं की रक्त नीट बनत नाही आणि नसा झिजतात, असं मॅडमनी समजावलं. मगजाची तपासणी टळली. ज्या पोरीला मी पान असल्यासारखं लोकांपुढं धरलं होतं, तिनं माझा रोग ओळखला, आणि तोही माझ्याच काउंटरमागं ऐकलेल्या वाक्यावरून. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगतो, आधी छाती फुगली. आक्काला मी म्हणालो, "बघितलंस? पोरगी कुणाची आहे!"

आक्का म्हणाली, "आईवर गेलीय, बाळू. तुझ्यावर गेली असती तर एव्हाना तिच्याबी चपला रस्त्यात सापडल्या असत्या."

कढीपत्ता

बाकीचं त्याच दुपारी बाहेर आलं. घाबरून मी म्हणालो, "वैष्णवी, तुझंही रक्त तपासू. तूही गोळ्या घेतल्यास."

ती आईकडं बघायला लागली. सुमनच बोलली. "तिनं एकपण गोळी गिळली नाही. सगळ्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकल्या. मी तिला संगमनेरला नेत होते, डॉक्टरांकडं. तुम्हाला सांगायचो, ड्रेसचं माप द्यायला चाललोय. मलमाची ट्यूब माझ्या शिवणाच्या डब्यात असायची."

म्हणजे तो हात मलमानं बरा झाला होता. मी जो पुरावा म्हणून गावभर मिरवला, तो पुरावा माझ्या विरुद्धचा होता. वर त्याच हाताकडं बघून मी माझ्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या.

मॅडमनी झिंक बंद केलं आणि तांबं सुरू केलं, आधी सलाइनमधून, मग गोळ्या. मी लगेच विचारलं, "थोडं जास्त घेतलं तर पाय लवकर येतील का?" मॅडमनी कपाळाला हात लावला. सुमन म्हणाली, "मॅडम, ह्यांच्या हातात देऊ नका. हे दुकानात जाऊन मोरचूद खातील." मोरचूद म्हणजे द्राक्षा-डाळिंबांवर फवारतात ते निळं तांबं. मॅडम आधी दचकल्या, मग हसल्या. आक्कानं दुसऱ्या दिवशी तांब्याचा हंडा आणला, पाणी प्यायला. मॅडम म्हणाल्या, एवढी कमतरता हंड्यानं भरून निघायची नाही. शोभेला असू द्या. जेवणात सगळं असू द्या, भाकरी, डाळ, तीळ, शेंगदाणे. गोळी मात्र रक्त सांगेल तेवढीच.

घरी निघायच्या दिवशी मी वैष्णवीला म्हणालो, "तुला जबरदस्तीनं गोळ्या द्यायला नको होत्या. चुकलं माझं."

ती पिशवी भरत होती. म्हणाली, "ठीक आहे, पप्पा. मी खाल्ल्याच नव्हत्या."

त्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती. मला ते कळत होतं आणि कशामुळं ते कळत नव्हतं. गाडीत सुमनला विचारलं. तिनं खिडकीबाहेर बघत एकच शब्द उच्चारला, "बाही."

बांधावर

रक्त लवकर भरून आलं. तोंडावर लाली आली. पायांचं तसं नाही झालं. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की नसा सावकाश परततात, आणि सगळ्या परततीलच असं नाही.

अंगणात मी चालायला शिकलो. वैष्णवी पुढं उलटी चालायची आणि म्हणायची, "पायाकडं नका बघू, माझ्याकडं बघा." मी बघायचो. तिच्या हातावर परत एक छोटा चट्टा उठला होता आणि तिनं अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घातला होता. शेजारणीनं विचारलं, "अगं, हे काय झालं?" तर म्हणाली, "सोरायसिस आहे, काकू. लागत नाही कुणाला. चहा घेणार का?" काकूंनी चहा घेतला, तिच्याच हातचा, काचेच्या ग्लासात. मी ओट्यावरून ते पाहिलं. जे मला कागदी कपासमोर जमलं नव्हतं, ते तिनं किती सहज केलं!

मी पुन्हा मलम लावायला लागलो. चट्टे आहेत, कमी आहेत. तळव्यांना अजून थोडा बधिरपणा आहे, म्हणून मी आता मागं पट्टा असलेल्या चपला घालतो. भात लावणीच्या वेळी काठी घेऊन बांधावर गेलो. चिखलात पाय घातला आणि तो गार लागला. पूर्ण नाही, घोट्याच्या वर जास्त आणि खाली कमी, पण गार लागला. मी तिथं बराच वेळ तसाच उभा राहिलो.

बाहीचं मात्र राहिलं होतं. रोज ठरवायचो आणि रोज राहायचं. एकदा धीर करून म्हणालो, "दुकानात सगळ्यांना खरं काय ते सांगू का?"

ती म्हणाली, "तुमचं सांगा. माझ्या हाताचं मी बघीन."

बाजाराचा दिवस

दुकान पुन्हा नेहमीसारखं भरलेलं होतं. वैष्णवी सुट्टी म्हणून बियाण्याची पाकिटं लावत होती. कोंडाजी आला, मागं त्याची सून. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"भाऊ, त्या झिंकच्या गोळ्यांचं नाव लिहून द्या. सूनबाईच्या हातावर लई चट्टे उठल्यात. ही म्हनती डॉक्टरकडं जाऊ. मी म्हनलो, कशाला? तुमच्या पोरीचा हात मी ह्या डोळ्यांनी बघितलाय."

मी तोंड उघडलं आणि थांबलो. तो हात माझा नव्हता. मी वैष्णवीकडं बघितलं.

तिनं पाकिटं खाली ठेवली आणि पुढं आली. "काका, तो हात मलमानं बरा झाला. डॉक्टरांच्या. पप्पांच्या गोळ्या मी कढीपत्त्याला घातल्या." मग सुनेकडं वळली. "ताई, मी सांगते कुठं जायचं ते. संगमनेरचे डॉक्टर चांगले आहेत." तिनं स्वतःची बाही स्वतःच वर केली, सुनेपुरती, आणि नवा चट्टा दाखवला. सुनेनं पदराखालून एक हात बाहेर काढला.

कोंडाजी माझ्याकडं वळला. "म्हंजी भाऊ, तुमी आमाला गंडवलं?"

"आधी मी मला गंडवलं, कोंडाजी." मी बसल्या जागी माझ्या दोन्ही बाह्या दुमडल्या आणि कोपरं काउंटरवर टेकवली. काळ्या फरशीवर थोडा कोंडा पडला, मी तो पुसला नाही. "माती न तपासता खत टाकलं. पाय त्यानं गेले होते माझे. ह्या पोरीनं ओळखलं, म्हणून आज चालतोय."

दुकानात कुणी हसलं नाही. कोंडाजीनं पाटीकडं बघितलं, मग सुनेला म्हणाला, "चल, उद्या संगमनेरला जाऊ."

मी वैष्णवीची बाही सारली त्या दिवशी जी माणसं हजर होती, त्यातली बरीचशी आजही होती. मी काठी टेकून उठलो. बसून बोलायचं नव्हतं.

"वैष्णवी, त्या दिवशी ह्याच काउंटरवर, तुला न विचारता, मी तुझी बाही वर सारली. माझं खरं ठरवायला तुझा हात लोकांपुढं धरला. तू काही बोलली नाहीस म्हणून मला ते चालून गेल्यासारखं वाटलं. चुकलो मी, बाळा. मला माफ कर."

वैष्णवीनं काठी माझ्या हातातून घेतली, स्वतःचा हात पुढं केला आणि म्हणाली, "केलं, पप्पा. आता बसा."